पर्वतीय प्रदेशातील प्रतिकूल हवामान आणि लहान विमानांचे दृश्य उड्डाण : पोखरा-जोमसोम हवाई मार्गाच्या विशेष संदर्भात

सारांश :

लहान विमानांची पर्वतीय प्रदेशातील वाहतूक बहुतांशी वैमानिकाच्या डोळ्यांवर अवलंबून असते. जमीन, डोंगर व क्षितिज दिसत असेपर्यंत ही पद्धती सुरक्षित असते. ढगात शिरताच तिचा आधार नाहीसा होतो. प्रस्तुत लेखात नेपाळमधील पोखरा-जोमसोम मार्गावरील २०१६ व २०२२ च्या दोन अपघातांच्या आधारे या धोक्याचे भौतिक, शारीरिक, मानसिक व संस्थात्मक पैलू स्पष्ट केले आहेत. दरीत उडणाऱ्या विमानाची परत फिरण्याची शक्यता ही समोरचे दिसणे बंद होण्याच्या आधीच संपते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दृश्य उड्डाण नियम, दृश्यमानता, पर्वतीय हवामान, दिशाभ्रम, हवाई सुरक्षितता.

प्रस्तावना :

हिमालयाच्या दुर्गम खोऱ्यांमध्ये विमान ही चैनीची वस्तू नसून ती जीवनरेषा आहे. जेथे रस्ता वर्षातील काही महिने दरडींखाली जातो, तेथे औषधे, धान्य, रुग्ण, विद्यार्थी व यात्रेकरू यांची ने-आण लहान विमानांनी होते. नेपाळमधील जोमसोम हे असेच एक ठिकाण. मुस्तांग जिल्ह्यातील हे गाव सुमारे २,७०० मीटर उंचीवर, काली गंडकी नदीच्या काठी वसले आहे. याच नदीच्या पात्रात शाळिग्राम सापडतात आणि जोमसोमहून पुढे मुक्तिनाथाचे क्षेत्र आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील यात्रेकरूंनाही हे नाव अपरिचित नाही. पोखऱ्याहून जोमसोमला जाण्यास विमानाला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे लागतात; रस्त्याने मात्र जवळजवळ संपूर्ण दिवस खर्ची पडतो.

या अल्प अंतराच्या मार्गावर सहा वर्षांच्या कालावधीत तारा एअर या कंपनीची दोन विमाने डोंगरावर आदळली. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी झालेल्या अपघातात २३ आणि २९ मे २०२२ रोजी झालेल्या अपघातात २२ अशा एकूण ४५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. दोन्ही विमानांतून एकही व्यक्ती वाचली नाही. २०२२ च्या अपघातातील मृतांमध्ये ठाणे येथील चार प्रवासी होते. २०१६ मधील विमान अगदी नवे होते, तर २०२२ मधील विमान चार दशकांहून अधिक जुने होते. म्हणजेच विमानाच्या वयात या अपघातांचे उत्तर सापडत नाही. ते अन्यत्र शोधावे लागते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) दृश्य उड्डाण ही संकल्पना व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे. २) पर्वतीय हवामान व दरीतील उड्डाण यांच्यातील संबंध उलगडणे. ३) वैमानिकाच्या इंद्रियांची व निर्णयप्रक्रियेची भूमिका तपासणे. ४) अशा अपघातांना आळा घालण्याच्या उपायांचा विचार करणे. लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

दृश्य उड्डाण : संकल्पना व मर्यादा

विमान चालविण्याच्या दोन नियमपद्धती जगभर मान्य आहेत. पहिली पद्धती म्हणजे दृश्य उड्डाण नियम, ज्यांना संक्षेपाने व्हीएफआर असे म्हणतात. या पद्धतीत वैमानिक बाहेर पाहून विमान चालवितो. डोंगर, ढग व इतर विमाने टाळण्याची जबाबदारी त्याच्या दृष्टीवर असते. दुसरी पद्धती म्हणजे उपकरण उड्डाण नियम, म्हणजेच आयएफआर. तीमध्ये वैमानिक उपकरणांच्या आधारे, ठरवून दिलेल्या मार्गाने व सुरक्षित उंचीवरून उडतो. त्याला बाहेरचे काही न दिसले तरी चालते.

पहिल्या पद्धतीसाठी हवामानाच्या किमान मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार सर्वसाधारणपणे १०,००० फुटांच्या खाली किमान ५ किलोमीटर आणि त्याहून अधिक उंचीवर किमान ८ किलोमीटर दृश्यमानता आवश्यक असते. तसेच विमान ढगापासून आडवे १,५०० मीटर व उभे ३०० मीटर दूर असावे लागते. म्हणजेच ढगात शिरू नये एवढाच या नियमाचा अर्थ नाही. ढगाच्या जवळही जाऊ नये, असा तो आहे.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. दृश्य उड्डाण धोक्याचे असेल, तर जोमसोमची विमाने उपकरणांच्या आधारे का उडविली जात नाहीत? याचे उत्तर भूगोलात आहे. काली गंडकीची घळ धौलागिरी (८,१६७ मीटर) व अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) या दोन महाशिखरांच्या मधून जाते. उपकरण उड्डाणात पर्वतीय प्रदेशात आसपासच्या सर्वोच्च स्थानापेक्षा किमान २,००० फूट अधिक उंची राखावी लागते. येथे ती उंची २८,००० फुटांच्याही वर जाईल. ट्विन ऑटरसारख्या विमानाच्या प्रवासी कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय नसते. एवढ्या उंचीवर ते जाऊच शकत नाही. परिणामी त्याला शिखरांच्या वरून नव्हे, तर दरीच्या आतून, डोळ्यांनी वाट काढत जावे लागते. नेपाळमधील ढगांत खडक असतात, असे तेथील वैमानिक म्हणतात. त्या विनोदात या मार्गाचे संपूर्ण वास्तव सामावलेले आहे.

पर्वतीय हवामानाचे स्वरूप :

सपाट प्रदेशात हवामान बहुधा दूरवरून चालत येते. पर्वतात ते जागच्या जागी तयार होते. वाहता वारा डोंगराला अडला की वर चढतो. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. तिचे तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की बाष्पाचे ढग बनतात. जमिनीलगतचे तापमान व दवबिंदू यांच्यातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंचावर असतो, असा ढोबळ नियम आहे. समजा, दरीत तापमान २० अंश व दवबिंदू १२ अंश आहे. मग ढगाचा तळ दरीच्या वर सुमारे १,००० मीटरवर असेल. ओलांडावयाची खिंड दरीच्या वर १,१०० मीटरवर असेल तर ती बंद आहे. ९०० मीटरवर असेल तरीही तिच्यावर अवघी १०० मीटरची फट उरते. दवबिंदूत एका अंशाची वाढ झाली की ही फटही मिटते. पाऊस पडून हवा ओलसर झाली, तर ही वाढ होण्यास फारसा वेळ लागत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, विमानतळावरील हवामानाची नोंद मधल्या मार्गाविषयी फारच थोडे सांगते. पोखऱ्याला ऊन आणि जोमसोमला निरभ्र आकाश असूनही घोडेपानीच्या परिसरातील डोंगरधार किंवा घासा-लेते येथील घळ ढगांनी भरलेली असू शकते. दोन्ही टोकांचे वैमानिक व नियंत्रक प्रामाणिकपणे 'हवामान चांगले आहे' असे म्हणत असतात. मधल्या पंधरा मिनिटांविषयी मात्र कोणीच बोलत नाही.

काली गंडकीच्या दरीत वाऱ्याचा आणखी एक विशेष आहे. उन्हाने तिबेटी पठाराकडील भूभाग तापला की दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे दरीच्या चढत्या दिशेने, जोराचा वारा वाहू लागतो. दिवस चढतो तसा तो इतका प्रबळ होतो की जोमसोमची उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात. सकाळी ढगांमुळे विलंब झाला तर दुपारी वाऱ्यामुळे मार्ग बंद होण्याची शक्यता असते. त्यामुळे हवामान स्वच्छ होण्याची वाट पाहण्याचा अवधी मर्यादित राहतो आणि उड्डाणाच्या निर्णयावर घड्याळाचे दडपण येते.

परत फिरण्याचे गणित :

समोरचे हवामान बिघडले तर विमान मागे वळवावे, हा उपाय सर्वांनाच सुचतो. तो योग्यही आहे. परंतु दरीत हा उपाय किती काळ उपलब्ध असतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

वळणाऱ्या विमानाच्या वर्तुळाची त्रिज्या त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी २४० किलोमीटर वेगाने, ३० अंश कलून वळणाऱ्या विमानाला उलट दिशेला येण्यासाठी सुमारे १.६ किलोमीटर रुंदीची जागा लागते. मात्र ही झाली समुद्रसपाटीजवळची गोष्ट. १०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्केच असते. तेथे वेगदर्शक काटा तोच आकडा दाखवीत असला तरी विमानाचा प्रत्यक्ष वेग सुमारे १६ टक्क्यांनी अधिक असतो. वेग १६ टक्क्यांनी वाढला की वळणाची रुंदी एक तृतीयांशाहून अधिक वाढते आणि ती सुमारे २.१ किलोमीटर होते. म्हणजे दोन किलोमीटर रुंदीच्या दरीत खाली जे वळण बसले असते, ते वर बसत नाही. विमान दरीच्या मध्यातून उडत असेल, तर एका बाजूला केवळ एकच किलोमीटर शिल्लक असतो आणि मग कोणत्याही उंचीवर हे वळण अशक्य ठरते. म्हणूनच पर्वतीय उड्डाणाच्या प्रशिक्षणात विमान दरीच्या एका कडेने न्यावे, असे शिकविले जाते. दाट ढगांपासून दूर राहण्यासाठी मध्यातून उडण्याचा मोह नेमका याच शिकवणुकीच्या विरुद्ध जातो.

अधिक कलून वळल्यास जागा कमी लागते, परंतु त्याचीही किंमत मोजावी लागते. ४५ अंश कललेल्या विमानाला हवेत तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग १९ टक्क्यांनी वाढतो आणि ६० अंशांवर तो ४१ टक्क्यांनी वाढतो. घाबरलेला वैमानिक डोंगर जवळ येताना पाहून विमान अधिक कलवितो व नाक वर खेचतो. त्यामुळे पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो व विमान कोसळते. याउलट, वळण्यापूर्वी वेग कमी करणे अधिक शहाणपणाचे असते. ताशी २४० ऐवजी १९० किलोमीटर वेग ठेवला, तर वळणाची रुंदी १.६ वरून सुमारे १ किलोमीटरवर येते. दृश्यमानता घटू लागताच प्रथम वेग कमी करावा, या नियमामागे हेच गणित आहे.

आता यात दृश्यमानतेचा विचार मिळवू. १०,००० फुटांवरील आपले विमान सेकंदाला सुमारे ७७ मीटर पुढे जात आहे. समोर ढगाची भिंत दिसली, ती ओळखून निर्णय घेण्यास पाच सेकंद लागले, तर जवळजवळ ४०० मीटर अंतर संपले. वळताना विमान आणखी सुमारे १,०५० मीटर पुढे सरकते. म्हणजे दीड किलोमीटर अंतरावरील ढग दिसताक्षणीच वळण्याचा निर्णय घेतला, तरच विमान जेमतेम त्याच्या बाहेर राहते. मागून चढत्या दरीचा वारा असेल, तर हे अंतर आणखी वाढते. 'थोडे पुढे जाऊन पाहू' असे म्हणून दहा सेकंद घालविली, तर वळण्याचा बराचसा भाग ढगाच्या आत पूर्ण करावा लागतो.

चढून निसटण्याचा मार्गही बहुधा खुला नसतो. ताशी २४० किलोमीटर वेगाने विमान मिनिटाला ४ किलोमीटर जाते. ते मिनिटाला १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर चढत असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते केवळ ७५ मीटर उंची मिळविते. हिमालयाचे कडे एका किलोमीटरात याच्या कितीतरी पट उंच होतात. तात्पर्य, विमान डोंगराशी चढण्याची स्पर्धा करू शकत नाही.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. दरीत परत फिरण्याची शेवटची जागा ही हवामान वाईट दिसू लागण्याच्या जागेच्या अलीकडे असते. वैमानिकाच्या डोळ्यांना परिस्थिती अजून 'चालण्यासारखी' वाटत असतानाच ती जागा मागे पडलेली असते. म्हणून केवळ डोळ्यांच्या साक्षीवर विसंबून घेतलेला निर्णय येथे उशिराचाच ठरतो.

इंद्रियांची फसवणूक :

ढगात शिरल्यावर काय घडते? सामान्य समजूत अशी की, वैमानिकाला दिसत नसले तरी आपण सरळ जात आहोत की वळत आहोत, हे त्याला अंगाला कळेल. ही समजूत चुकीची आहे. मानवाच्या आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. डोके फिरले की हा द्रव मागे राहतो आणि त्यामुळे फिरण्याची जाणीव होते. परंतु वळण एकाच गतीने दहा-वीस सेकंद चालू राहिले, की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो व जाणीव थांबते. विमान वळत असूनही शरीर 'आपण सरळ आहोत' असे सांगते. अतिशय मंद गतीने सुरू झालेले वळण तर मुळीच जाणवत नाही. पुढे वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले, की ते विरुद्ध बाजूला वळत असल्याचा भास होतो आणि तो पुन्हा पहिल्या वळणात जातो. दरम्यान विमान उंची गमावत असते; उंची मिळविण्यासाठी नाक वर खेचले, की वळण अधिकच आवळत जाते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत अभिजात मानला जातो. उपकरण उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या २० व्यक्तींना, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, ढगासारख्या कृत्रिम परिस्थितीत विमान चालविण्यास दिले गेले. वीसही जणांचे विमान धोकादायक स्थितीत गेले. त्यांपैकी १९ जण वरील प्रकारच्या घातक चक्राकार घसरणीत सापडले. नियंत्रण सुटेपर्यंतचा सरासरी काळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी होता. सर्वांत कमी काळ अवघा २० सेकंदांचा होता. या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याच व्यक्तींना उपकरणांकडे पाहून शांतपणे उलट दिशेला वळण्याचे अल्पकालीन शिक्षण दिल्यावर बहुतेक सर्वांना ते जमले. मानवी इंद्रियांची उणीव प्रशिक्षणाने भरून काढता येते, हा त्याचा आशादायक निष्कर्ष होय. जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी बाहेर न पाहता, केवळ उपकरणांच्या साहाय्याने उड्डाण करून विमान उतरविले होते. कृत्रिम क्षितिजावर विश्वास ठेवावयाचा व शरीरावर ठेवावयाचा नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

तथापि, पर्वतात एवढेही पुरेसे नाही. सपाट प्रदेशावर उपकरणे वाचता येणारा वैमानिक ढगातून सुखरूप बाहेर येऊ शकतो, कारण तेथे ढगात केवळ हवा असते. दरीत मात्र विमान पूर्णपणे नियंत्रणाखाली व सुस्थितीत असतानाही डोंगरावर आदळू शकते. तारा एअरच्या दोन्ही अपघातांना तपासकर्त्यांनी याच वर्गात टाकले आहे.

दोन अपघातांचे तपासनिष्कर्ष :

२०१६ मधील विमान म्यागदी जिल्ह्यातील दाना गावाजवळच्या डोंगरावर आदळले. दृश्य उड्डाण करीत असूनही चालकांनी पुनःपुन्हा ढगात शिरण्याचा निर्णय घेतला, त्यातून स्थानाचे भान सुटले व दिशाभ्रमामुळे विमान नेहमीच्या मार्गापासून ढळले, असा तपास आयोगाचा निष्कर्ष आहे. येथे 'पुनःपुन्हा' हा शब्द महत्त्वाचा आहे. ढगात शिरणे ही एका क्षणाची चूक नव्हती. पहिल्यांदा शिरून सुखरूप बाहेर आल्यावर दुसऱ्यांदा शिरणे सोपे झाले होते.

२०२२ मधील विमान २९ मे रोजी सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी पोखऱ्याहून निघाले आणि सुमारे बारा मिनिटांनी त्याचा संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी मुस्तांगमधील सानोस्वारे येथे सुमारे १४,५०० फुटांवर त्याचे अवशेष सापडले. ढगाळ परिस्थितीत चालकांना योग्य मार्ग राखता आला नाही, हे मुख्य कारण अहवालात दिलेले आहे. बिघडते हवामान, स्थानभान सुटणे, चालकांमधील समन्वयाची उणीव आणि डोंगराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा दाबून ठेवलेल्या अवस्थेत असणे, या सहायक कारणांचाही त्यात उल्लेख आहे.

पूर्वसूचना यंत्रणेचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. जमीन धोकादायकरीत्या जवळ आली, की ही यंत्रणा मोठ्याने इशारा देते. परंतु ज्या मार्गावर विमान नेहमीच कड्यांच्या लगत उडते, तेथे ती चांगल्या हवामानातही वारंवार ओरडत राहते. रोज खोटा ठरणारा इशारा माणूस ऐकेनासा होतो किंवा बंदच करून टाकतो. आणि ज्या दिवशी तो खरा असतो, त्या दिवशी तो ऐकणारा कोणी उरत नाही. यात केवळ वैमानिकाचा हलगर्जीपणा पाहणे एकांगी होईल. सपाट प्रदेशासाठी रचलेले साधन दरीत जसेच्या तसे बसविल्याचा हा परिणाम आहे.

निर्णयाचे मानसशास्त्र व संस्थात्मक दडपण :

अनुभवी वैमानिक धोका माहीत असूनही पुढे का जातो? हवाई सुरक्षिततेच्या अभ्यासात 'ठरलेली योजना रेटत राहण्याची प्रवृत्ती' असे या वर्तनाचे वर्णन केले जाते. गंतव्य स्थान जसजसे जवळ येते, तसतशी मागे फिरण्याची तयारी कमी होते. प्रत्येक टप्प्यावर हवामान आधीपेक्षा किंचितच वाईट असते आणि तुलना नेहमी मागच्या क्षणाशी केली जाते, मूळ नियमाशी नव्हे. पाच किलोमीटरवरून चार, चारवरून तीन अशी दृश्यमानता घसरत जाते. कोणत्याही एका क्षणी 'आता थांबावे' असे ठळकपणे वाटत नाही. त्यात पुढे गेलेले दुसरे विमान सुखरूप उतरल्याची वार्ता आली, तर तो पुरावाच मानला जातो. वस्तुतः दहा मिनिटांपूर्वीची ढगांतील फट आता तेथे असेलच, याची काहीही शाश्वती नसते.

हे दडपण नेपाळपुरते मर्यादित नाही, हे दाखविण्यासाठी अमेरिकेतील अलास्का राज्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथेही डोंगर, खाड्या व ढग यांमधून लहान विमाने दृश्य पद्धतीने उडतात. २५ जून २०१५ रोजी केचिकनजवळ पर्यटकांना घेऊन परतणारे प्रोमेक एअरचे एक इंजिनाचे विमान ढगाळ हवामानात डोंगरावर आदळून नऊही जण ठार झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाच्या निर्णयाबरोबरच कंपनीच्या कार्यसंस्कृतीला थेट कारण ठरविले. धोकादायक हवामानात उडण्याला कंपनीची मूक संमती होती आणि स्पर्धेचे दडपण आवरले गेले नव्हते, असे मंडळाने नमूद केले. त्या विमानातही डोंगराची पूर्वसूचना देणारे इशारे दाबून ठेवलेले होते. सात वर्षांच्या अंतराने व जगाच्या दोन टोकांना झालेल्या अपघातांतील हे साम्य योगायोगाचे म्हणता येणार नाही.

भारतातही हा प्रश्न विमानांपेक्षा हेलिकॉप्टरच्या रूपाने अधिक भेडसावतो. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. प्राथमिक माहितीत ढगाळ हवामान व अपुरी दृश्यमानता यांचा उल्लेख होता. मृतांमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील प्रवासीही होते. साधन वेगळे असले तरी दरी, ढग, मर्यादित वेळ व प्रवाशांची रांग हे घटक तेच आहेत.

उपाययोजना :

१) मागे फिरण्याचे स्थान व किमान दृश्यमानता जमिनीवरच लेखी ठरवावी. 'घासा दिसले नाही तर परत' यांसारखा निर्णय आधी झालेला असेल, तर तो हवेत घ्यावा लागत नाही. केवळ पाळावा लागतो. सहवैमानिकाला तो उच्चारण्याचा व मुख्य वैमानिकाला तो मानण्याचा बंधनकारक नियम असावा.

२) संपूर्ण मार्गाच्या हवामानाची माहिती मिळावी. २०२२ च्या अपघातानंतर नेपाळच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने निर्गमनस्थान, मार्ग व गंतव्य अशा तिन्ही ठिकाणी हवामान अनुकूल असल्याशिवाय उड्डाणास परवानगी न देण्याचे धोरण जाहीर केले. या धोरणाला साधनांची जोड हवी. अलास्कात खिंडी व धावपट्ट्यांवर दोनशेहून अधिक ठिकाणी हवामान कॅमेरे बसविलेले असून वैमानिक निघण्यापूर्वीच खिंडीचे ताजे छायाचित्र पाहू शकतो. हिमालयासाठी हा उपाय तुलनेने कमी खर्चाचा व अनुकरणीय आहे.

३) पूर्वसूचना यंत्रणेत दऱ्यांमधील मार्ग व छोट्या धावपट्ट्या यांची अचूक माहिती भरावी, म्हणजे खोटे इशारे घटतील व खऱ्या इशाऱ्याचा मान राहील.

४) अवचित ढगात शिरल्यास काय करावे, याचा सराव सिम्युलेटरवर त्या त्या दरीच्या प्रतिकृतीत वारंवार करून घ्यावा.

५) परत फिरलेल्या वैमानिकाला जाब विचारू नये. रद्द झालेल्या फेरीचा तोटा कंपनीने गृहीत धरलेला असावा. तो वैमानिकाच्या मनावर असता कामा नये.

६) प्रवाशांनीही आपली भूमिका ओळखावी. मुक्तिनाथ, केदारनाथ यांसारख्या यात्रांच्या नियोजनात एक-दोन दिवस राखीव ठेवणे, परतीचे पुढचे तिकीट त्याच दिवसाचे न काढणे आणि उड्डाण रद्द झाल्यास विमानतळावर वाद न घालणे, या साध्या गोष्टी वैमानिकावरील दडपण प्रत्यक्षात कमी करतात. यात्रा कंपन्यांनी वेळापत्रक आखतानाच ही सवड ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

पर्वतीय हवामानात दृश्य उड्डाणाचा धोका हा एखाद्या अकस्मात संकटाचा नसून टप्प्याटप्प्याने आक्रसत जाणाऱ्या पर्यायांचा आहे. विरळ हवेमुळे वळणाची जागा वाढते, दरीमुळे ती उपलब्ध नसते, ढगामुळे ती दिसत नाही आणि वैमानिकाचे स्वतःचे शरीर त्याला खोटी साक्ष देते. या चारही गोष्टी निसर्गनियमांचा भाग असून कौशल्याने वा धैर्याने त्या बदलता येत नाहीत. बदलता येतो तो केवळ निर्णयाचा क्षण. हवामान स्पष्टपणे वाईट झाल्यावर घेतलेला परतीचा निर्णय दरीत उशिराचा असतो; म्हणून तो हवामान चांगले दिसत असतानाच घेतला गेला पाहिजे आणि त्यासाठी नियम, साधने, कंपनी व प्रवासी या सर्वांचे बळ वैमानिकाच्या पाठीशी असले पाहिजे. जोमसोमपर्यंत न पोहोचता पोखऱ्याला परतलेले विमान अपयशी नसते. त्यातील प्रत्येक प्रवासी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघू शकतो, एवढी एकच गोष्ट त्या उड्डाणाचे यश ठरविण्यास पुरेशी आहे.